अंगठ्याजवळची शिवण

कारखान्यात तिला सगळे उसवबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण ती दारातून आत आली की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एक खोटा खोकला पसरत जायचा, आणि त्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. तिथे तंबू शिवायचे, ताडपत्र्या शिवायचे, ट्रकवर टाकायची आच्छादनं शिवायचे. सत्तावीस वर्षांतली पहिली नऊ तिनं मशीनवर काढली आणि उरलेली अठरा तपासणीच्या टेबलावर. टेबल म्हणजे एक लांबलचक फळी आणि वर पांढरा दिवा. शिवलेला माल त्या दिव्याखाली यायचा, तिच्या उजव्या हाताची तीन बोटं शिवणीवरून चालत जायची, डोळे बहुतेक वेळा भलतीकडेच असायचे, आणि बोटं थांबली की समजावं, कुणाची तरी आता खैर नाही. खिशातून आकडी निघायची. टोकाला फाटा असलेली, करंगळीएवढी. तिनं एक टाका उचलला की पुढचे दहा आपोआप सुटायचे. मग त्या जागी खडूची फुली, आणि सोबतच्या चिठ्ठीवर एक ओळ: कुठे, काय, आणि शेवटी 'चूक'.

"एक टाका ढिला राहिला तर काय जग बुडणार आहे का?" एका नव्या मुलीनं एकदा रडवेली होऊन विचारलं होतं.

"जग नाही बुडणार. तंबूत झोपलेला माणूस भिजेल," ती म्हणाली, आणि आणखी चार टाके उसवले.

अपघात झाला तोही या बोटांच्या अधाशीपणामुळे. माल टेबलावर येईपर्यंत तिला दम निघाला नाही. रिंगा ठोकायच्या मशीनवर एक तंबू पसरलेला होता, कोपऱ्यातली शिवण तिला लांबूनच खटकली, आणि ती चाचपायला तिनं उजवा हात कापडाखाली घातला. मशीनवरच्या माणसाला हात दिसला नाही. त्यानं पायाखालचा खटका दाबला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते, "तो कोपरा उसवला का?" मशीनवरचा माणूस पलंगापाशी उभा होता, तो ढसाढसा रडायला लागला.

हाडं जुळली. नस जुळली नाही. हात उचलला की पंजा खाली लोंबायचा, खुंटीला अडकवलेल्या रिकाम्या पिशवीसारखा. जी तीन बोटं अठरा वर्षं तिचे डोळे होती त्यांना आता गरम-गार कळेना. आणि शरीराचा न्याय असा उफराटा की बोटं मेली, पण अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी एक जागा इतकी जागी झाली की तिथं चादरीचा काठ लागला तरी झिणझिण्या खांद्यापर्यंत जायच्या. कळायला हवं तिथं काही कळत नव्हतं, आणि नको तिथं सगळं कळत होतं.

नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची थोरली नणंद, वन्सं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वन्सं एका शाळेत शिपाईण होत्या. तीस वर्षं पोरांच्या गोंगाटावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की त्या कानात कुजबुजल्या तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून तसाच होता. दोघी बारा वर्षं एकमेकींवर करवादत राहत होत्या, आणि एवढ्या काळात वेगळं राहायचा विषय एकीनंही काढला नव्हता. भांडण अर्धवट टाकून जायचं कुणी?

हात गेल्यावर अपंगत्व भत्ता मंजूर झाला. घरभाडं त्यातून जायचं, वन्संच्या डोळ्यांतले थेंब त्यातून यायचे. तो नसता तर दोघींना वन्संच्या भाच्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि त्या भाच्याच्या बायकोबद्दल दोघींचं मत एकच होतं. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं पटायचं.

मंजुरीच्या कागदावर नववं कलम होतं. लाभार्थीनं डॉक्टरांनी सांगितलेले उपचार, सांगितले तसेच, खंड न पाडता घ्यावेत. सबळ कारणाशिवाय तसं न केल्यास भत्ता थांबवण्यात येईल. सबळ कारणं कोणती, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं: जीवाला धोका, औषध न सोसणं, उपचारकेंद्र फार लांब असणं. उसवबाईनं ते सगळं दिव्याखाली धरून वाचलं. तिला कागदही शिवणीसारखाच वाचायची सवय होती, कुठे ढिला आहे ते शोधत.

उपचार म्हणजे सकाळ-संध्याकाळ व्यायाम, आठवड्याला एकदा फिजिओकडे फेरी, रात्री दोन गोळ्या, आणि मनगटाला पट्टा, दिवसाचे दहा तास. या सगळ्याचा एक तक्ता होता. रोज प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण करायची आणि महिना संपला की कचेरीच्या खिडकीवर द्यायचा. शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना होता, त्यात कुणी कधी काही लिहीत नसे.

तिनं दीड वर्ष एक खूण चुकवली नाही. मग जुना पट्टा विरला आणि दवाखान्याच्या भांडारातून नवा मिळाला.

नवा पट्टा तिनं हातात घेतला आणि तिथल्या तिथे उलटा करून बघितला. भांडारवाला म्हणाला, "घालायचाय, विकत नाही घ्यायचाय."

"हा शिवला कुणी?"

"मला काय माहीत? वरून येतात."

"वरून म्हणजे? ढगातून? अंगठ्याजवळची शिवण बघा. आतल्या बाजूला घेतलीय. कच्ची कड बाहेर राहायला पाहिजे की नको? आणि ही पत्र्याची पट्टी घातलीय तिच्या खिशाचं तोंड शिवलेलंच नाही. टोक बाहेर येणार."

"लहान, मध्यम, मोठा," भांडारवाला म्हणाला. "एवढे तीनच आहेत माझ्याकडे. मध्यम होतो ना? मग सही करा."

तिनं डाव्या हातानं सही केली आणि पट्टा घातला. शिवण बरोब्बर त्या रुपयाएवढ्या जागेवर येऊन बसली. जणू कुणी मोजून बसवली होती. चौथ्या दिवशी तिथली कातडी गेली. आठव्या दिवशी पाणी यायला लागलं. ती दहा तास भरायची. घड्याळ समोर ठेवून भरायची, आणि दहावा तास भरल्याचा ठोका पडला की वन्सं येऊन पट्टा सोडायच्या आणि खाली बघून म्हणायच्या, "अगं, हे काय औषध आहे का सासुरवास?"

फिजिओ म्हणजे एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, मनानं चांगली, पण सतत घाईत. ती म्हणाली, "मावशी, पावडर लावा. आणि डॉक्टरांना दाखवा, पट्टा बदलायचं तेच लिहून देऊ शकतात."

डॉक्टरांची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली.

"सात आठवडे मी काय करू?"

"पट्टा काढायचा नाही हां मावशी," मुलगी म्हणाली. "तुमच्या तक्त्यात खंड पडेल."

मग काढायचा नाही, घालवत नाही, आणि बदलून मिळत नाही. उसवबाई त्या रात्री पट्टा समोर ठेवून बसली. शिवण चुकीची होती. हे कुणाचं मत नव्हतं. ती चुकीची होती, पाणी ओलं असतं तशी. अठरा वर्षं अशी शिवण दिसल्यावर तिनं जे केलं होतं त्याखेरीज दुसरं काय करतात हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं डाव्या हातानं डब्यातली आकडी काढली.

"वन्सं, जरा इकडे या. हे घट्ट धरा."

"काय करतेयस?"

"धरा म्हणते ना."

उसवायला अर्धा तास लागला. शिवायला अकरा दिवस लागले. सुई साबणाच्या वडीत उभी खोचायची आणि डाव्या हातानं दोरा ओवायचा. कधी सहाव्या खेपेला जायचा, कधी सोळाव्या. मग वन्संनी पक्कडीत कापड धरायचं, तिनं डाव्या हातानं सुई खुपसायची, पलीकडून टोक दिसलं की दातांनी धरून ओढायची. उजवा हात मांडीवर पडलेला, आपला काही संबंध नसल्यासारखा.

"डावीकडे."

"हे डावंच आहे."

"तुमचं डावं नाही, माझं."

"चाळीस पोरांच्या वर्गाला मी एका शब्दात गप्प केलंय, आणि आता म्हातारपणी तुझी चिमटी झाले," वन्सं म्हणायच्या. पण पक्कड हलू द्यायच्या नाहीत.

दिवसाला पाच-सहा टाके व्हायचे. त्यातले दोन ती दुसऱ्या दिवशी उसवायची. दहा तास मात्र सोडले नाहीत. पट्टा हातात नसे तो फक्त शिवण्याच्या वेळी, आणि शिवणं दहा तासांच्या बाहेर. अंगठ्याजवळची शिवण तिनं बाहेर काढली, आणि हाड जिथं वर येतं तिथं सरळ न नेता तिला वळसा दिला. पट्टीच्या खिशाचं तोंड बंद केलं. मऊ कापडाचा गोट लावला. बाराव्या दिवशी पट्टा घातला तेव्हा काहीच वाटलं नाही. तेच तर हवं होतं. जखम पंधरवड्यात भरली.

फिजिओ हरखून गेली. पट्टा हातात घेऊन तिनं दोन-तीनदा फिरवला, दुसऱ्या मुलीला बोलावून दाखवला. "मावशी, काय सुंदर केलंयत हो! कंपनीला जमत नाही असं." आणि कौतुकाच्या भरात तिनं उसवबाईच्या कागदात लिहून ठेवलं: रुग्णाने पट्ट्यात स्वतः हाताने शिवून उत्तम सुधारणा केली आहे.

कागद कचेरीत गेला. तीन आठवड्यांनी पत्र आलं.

पत्र वन्संनी चांगल्या डोळ्यासमोर धरून मोठ्यानं वाचलं, त्यामुळे ते जिन्यालाही कळलं. पत्रात दोन मुद्दे होते. एक, लाभार्थीनं उपचाराच्या साधनात परस्पर बदल केला, सबब उपचार सांगितल्याप्रमाणे घेतलेला नाही. दोन, लाभार्थी हातानं शिवणकाम करू शकते असं दिसतं, सबब अपंगत्वाबाबत फेरतपासणी आवश्यक. तोपर्यंत भत्ता स्थगित.

"म्हणजे," वन्सं म्हणाल्या, "पट्टा नीट केलास म्हणून तू औषध घेतलं नाहीस. आणि तुला नीट करता आला म्हणून तू आजारीच नाहीस."

"असंच लिहिलंय."

"मग जखम घेऊन बसली असतीस तर?"

"तर नियमात बसले असते."

वन्संनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "माणसं काय खातात गं तिथली?"

कचेरीच्या खिडकीवर एक कारकून होता. उसवबाई चोपन्न वर्षांची. तो तिला आजी म्हणाला. तीनदा म्हणाला. आजी, हे इथं नाही. आजी, सुनावणीची तारीख पोस्टानं येईल. आजी, मागे उभं राहा. तारीख महिन्याभरानंतरची निघाली. भाड्याची तारीख त्याआधी आली, आणि वन्संनी भाच्याला फोन लावला. हे फोनवरचं बोलणं अपवाद म्हणून हळू आवाजात झालं, आणि त्यानंतर दिवसभर घरात कुणी भांडलं नाही. उसवबाईला ते फार लागलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "सोपं आहे. मी शिवला म्हणून सांगते."

"तुम्ही?"

"का? मी बाईमाणूस नाही का? सुई धरता येते मला."

"तुम्हाला दाभण आणि चमचा यातला फरक दिसत नाही, वन्सं."

"साहेबाला काय माहीत? तू फक्त तोंड बंद ठेव. एक दिवस. जमेल?"

उसवबाई काही बोलली नाही. याला होकार समजायचा असं बारा वर्षांत ठरून गेलं होतं.

तपासणी अधिकाऱ्याची खोली लहान होती. दोन भिंतींना छतापर्यंत फायली, एक कपाट, टेबलावर काच. अधिकारी पन्नाशीचा, थकलेला, सौजन्यानं वागायचं ठरवून आलेला माणूस वाटत होता. त्याच्या खुर्चीच्या बैठकीची शिवण एका बाजूनं सुटली होती आणि आतला स्पंज बाहेर आला होता. उसवबाईनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

"पट्टा द्या," तो म्हणाला. तिनं काढून दिला. त्यानं तो टेबलावर ठेवला. "हा कुणी शिवला?"

"मी," वन्सं म्हणाल्या. खिडकीवरच्या कारकुनानंसुद्धा मान वर केली असेल.

"तुम्ही कोण?"

"नणंद तिची. हिला कुठं येतंय आता? मीच बसले, केलं. अकरा दिवस लागले. पोरीनं दवाखान्यात चुकून हिचं नाव लिहिलं."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर सरळ सरळ सुटका दिसली. त्यानं पेन उघडलं. "मग प्रश्न बराच सोपा झाला. 'नातेवाइकाने दुरुस्ती केली' असं लिहितो. बदल करायला नको होता, पण ठीक आहे, समज देऊन मिटवता येईल." त्यानं पट्टा उचलून डोळ्यांजवळ नेला, चांगल्या मनानं, दोन शब्द बरे बोलावेत म्हणून. "हात चांगला आहे हो तुमचा. फक्त इथं अंगठ्यापाशी जरा वाकडी गेलीय शिवण. नाही का? पण चालायचंच, वय झालं."

खोलीत पंखा फिरत होता. वन्संनी टेबलाखालून उसवबाईचा गुडघा गच्च धरला.

"वाकडी नाही ती," उसवबाई म्हणाली.

"अं?"

"वाकडी नाही. वळवलीय. हाड वर येतं तिथं, त्याला वळसा दिलाय. सरळ नेली असती तर पुन्हा घासली असती. टाके मोजून बघा, सगळे सारखे आहेत. वाकडी गेलेली शिवण सारखी नसते."

वन्संनी गुडघा सोडला आणि डोळे मिटले. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही शिवलाय."

"हो."

"हातानं."

"डाव्या हातानं. आणि दातांनी. यांनी पक्कड धरली होती, ते खरं आहे."

"बाई, तुमच्या लक्षात येतंय का तुम्ही काय बोलताय?"

"न यायला काय झालं? पत्र मी चारदा वाचलंय."

अधिकाऱ्यानं कपाळ चोळलं. मग नियमाच्या पुस्तकाची पानं उलटली, आणि त्याला एक कलम सापडलं, आणि ते सापडलं नसतं तर बरं असं तोंड करून त्यानं ते वाचलं: शंका असल्यास अर्जदारास कृती करून दाखवण्यास सांगावे. कचेरीत फायली शिवायचा दाभण होता, दोरा होता, जुनी दप्तरं बांधायचं जाड कापड होतं. शिपायानं ते आणून टेबलावर ठेवलं. पक्कड मिळाली नाही. वन्सं म्हणाल्या, बोटांनी धरते. आता त्यांचा आवाज बसला होता.

"सुरू करा," अधिकारी म्हणाला आणि घड्याळ बघून वेळ लिहिली.

तिनं खोडरबर मागितलं. दाभण त्यात उभा केला. दोरा ओला केला, ओवायला गेली, चुकला. पुन्हा ओला केला. आठव्या वेळी गेला. दाभणाचं भोक मोठं होतं म्हणून आठव्या वेळी. वन्संनी कापड ताणून धरलं. तिनं डाव्या हातानं दाभण खुपसला, तो तिरका गेला, काढला, पुन्हा खुपसला. खाली वाकून दातांनी धरला आणि मान मागे नेत ओढला. कचेरीच्या दोऱ्याला खळीचा वास होता. पहिला टाका पडला तेव्हा अधिकाऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. त्याला वाटलं झालं. ती दुसऱ्याला लागली.

बाहेर रांग वाढत होती. कुणीतरी दार ढकलून डोकावलं, एक बाई टेबलावर वाकून दप्तराचं कापड चावतेय आणि साहेब बघत बसलेत एवढं दिसल्यावर दार हळूच लावून घेतलं. दुसऱ्या टाक्याला दाभण घामानं सटकला आणि खाली पडला. शिपायानं उचलून दिला. तिसऱ्याला वन्संच्या बोटात शिरला. वन्सं "अगं आई" म्हणाल्या पण कापड सोडलं नाही. उसवबाईचा उजवा पंजा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. तिच्या मानेची शीर ताठली होती. अधिकाऱ्यानं एकदा घड्याळ बघितलं, एकदा खिडकी, एकदा फायली. शेवटी त्याला बघवेना.

"पुरे, बाई. समजलं मला."

"गाठ राहिलीय," ती दोरा दातांत धरून म्हणाली.

चौथा टाका पडला. गाठ बसली. एकतीस मिनिटं झाली होती. अधिकारी लिहायला वाकला, आणि तेवढ्यात उसवबाईनं आपली डावी बोटं त्या चार टाक्यांवरून फिरवली. डावी बोटं उजवा हात गेल्यापासून हळूहळू शिकत होती. ती तिसऱ्यावर थांबली.

पुढचं कुणाच्या लक्षात येण्याआधी झालं. तिनं पिशवीतून आकडी काढली, टोक टाक्याखाली घातलं, एक झटका दिला. चारही टाके सुटले.

"अहो, काय करताय?" अधिकारी उभाच राहिला. "पुरावा आहे तो!"

"तिसरा ढिला होता."

"असू दे ना ढिला! तुमच्या भल्यासाठीच ढिला असू दे ना!"

वन्सं हसायला लागल्या. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग बोटातलं रक्त पदराला पुसत त्या त्यांच्या खऱ्या आवाजात हसल्या, आणि बाहेरची रांग गप्प झाली. अधिकारी कापडाकडे बघत राहिला. त्यावर आता नुसती भोकं होती. त्यानं ती मोजली. मग बसून बराच वेळ लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"अर्जदाराने एकतीस मिनिटांत दुसऱ्याच्या मदतीने चार टाके घातले व स्वतः काढून टाकले. शिवणकाम करण्यास असमर्थ."

"असमर्थ नका लिहू," उसवबाई म्हणाली. "हळू लिहा."

"हळू असा रकाना नाही."

"मग खोटं होईल ते. मी शिवलाय पट्टा. तुमच्या समोर पडलाय."

"बाई," अधिकारी हात जोडल्यासारखे करत म्हणाला, "असमर्थ लिहिलं तर भत्ता मिळतो. समर्थ लिहिलं तर बंद होतो. मधलं काही मला छापून दिलेलं नाही. मी काय करू, सांगा."

तिनं पट्ट्याकडे बघितलं, मग वन्संच्या बोटाकडे. वन्संचं हसणं थांबलं होतं. आदल्या महिन्यात भाच्याशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज कसा झाला होता ते तिला आठवलं.

"लिहा," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षांत तिनं एकही चुकीची शिवण पुढे जाऊ दिली नव्हती. ही पहिली.

दुसऱ्या मुद्द्यावर त्यानं विचारलं, बदल करायला सबळ कारण होतं का. तिनं अंगठ्याच्या बुडाशी राहिलेला व्रण दाखवला. तो म्हणाला, जखमेचा डॉक्टरांचा कागद? ती म्हणाली, तारीख येईपर्यंत जखम भरली. तो म्हणाला, भरली नसती तर कागद झाला असता. हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण पुढचं त्यानं वर न बघता सांगितलं: समज देण्यात येत आहे, भत्ता मागील महिन्यासह पुन्हा सुरू, यापुढे पट्टा मूळ स्वरूपातच वापरावा, सहा महिन्यांनी तपासणी. आणि बदल केलेला पट्टा कचेरीत जमा. शिपायानं तो पाकिटात घातला, पाकिटावर आकडा टाकला आणि कपाटात ठेवला. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं. त्यानं गुडघा लावून बंद केलं.

आयुष्यातलं तिचं सगळ्यात नीट काम ते. तिथे आहे अजून, आकड्याखाली.

भांडारातून तिला नवा पट्टा मिळाला. मध्यम. तिनं उलटा करून बघितलाच नाही, सही केली. घरी आल्यावर पिशवीतून आकडी काढून वन्संच्या हातात दिली.

"सहा महिने ही मला द्यायची नाही. मागितली तरी."

"आणि भांडलीस तर?"

"तरी नाही."

वन्संनी आकडी आपल्या डोळ्याच्या थेंबांच्या डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला, जिथं उसवबाईचा डावा हात पोचत नाही. वन्संचाही पोचत नाही. त्यासाठी स्टूल घ्यावं लागतं. रोज दोनदा थेंब घालायला त्या स्टूल ओढत आणतात आणि रोज दोनदा म्हणतात, "तुझ्या पायी मी एक दिवस पडून मरणार आहे."

चौथ्या दिवशी कातडी गेली. फिजिओ कागदाकडे बघत म्हणाली, मावशी, माझ्यामुळे झालं हो सगळं. आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, पावडर लावा म्हणाली. डॉक्टरांची तारीख मागितलीय. आठ आठवडे.

त्या संध्याकाळी दहा तास भरल्यावर उसवबाईनं तक्ता पुढ्यात घेतला. व्यायाम, बरोबर. गोळ्या, बरोबर. पट्टा, दहा तास, बरोबर. मग पेन त्या शेवटच्या अरुंद रकान्यात नेलं आणि डाव्या हातानं, लहान मुलासारख्या अक्षरांत, जीभ दातांखाली धरून लिहिलं: अंगठ्याजवळ शिवण आतून. चूक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिना संपेपर्यंत रकाना वरपासून खालपर्यंत भरला, आणि खालच्या ओळींतलं अक्षर वरच्यापेक्षा बरं दिसत होतं. खिडकीवरच्या कारकुनानं तक्ता घेतला, वर शिक्का मारला आणि ढिगावर टाकला.

"वाचलं नाही?" तिनं विचारलं.

"काय, आजी?"

"शेरा."

त्यानं ढिगाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तो रकाना आम्ही बघत नाही."

"मला नवा तक्ता द्या," उसवबाई म्हणाली.